साबणूनं केलेले सात खून

मेडशी, ता. मालेगाव, जि. वाशिम
बुधवार, लेकरं घरी गेल्यावर

आदरणीय देवमनदादा यांस,

मेडशीहून तुमच्या बेबीचा जयभीम. वहिनीलेबी जयभीम. तुमच्या दारातल्या कुत्र्याले काहीच नाही, मागच्या खेपेले त्यानं माही चप्पल खाल्ली. तुमची तब्येत ठीक असन. बीपीची गोळी आपल्या मनानं घेता का वहिनीनं आवाज दिल्यावर? वहिनीले म्हणा डॉक्टर बदलल्यानं गुडघा बदलत नाही, तिळाचं तेल लावा. आमच्याकडं सगळं बरं हाये. तूर निघाली, हरभरा उभा हाये. आमच्या घरच्यायले कानानं कमी ऐकू येते, म्हणून ते जरा जास्तच बरे हायेत. (हे तुमी तुमी लिहिणं मले जमत नाही. तू अमरावतीले हेडमास्तर असशीन, मी चौथी पास असन, पण लहानपणी तुह्या डोक्यातल्या उवा मीच काढल्या. आता पुढं तूच म्हणते.)

फोन काहून नाही केला म्हणशीन. तर फोनवर तू दर दोन मिनिटाले ‘बेबी, मुद्द्यावर ये’ म्हणतो. कागद असं म्हणत नाही. तरी तुह्या समाधानासाठी मुद्दा आधीच सांगून टाकते. तुह्या पोरानं, धम्मरत्ननं, माह्या हातून सात खून करवले, अन् त्याच्यापायी चार वर्षांच्या एका पोरीनं आठ दिवस अंगणवाडीत घास घेतला नाही. आला का मुद्दा? आता गप वाच.

साबणू तुले माहीत हाये, पण तू विसरतो अन् हे पत्र वहिनीबी वाचन, म्हणून सांगते. चौदा वर्षांआधी मी अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली, त्याच साली हात धुण्याच्या कार्यक्रमासाठी तालुक्याहून अस्वलाचा पोशाख आला. तपकिरी मखमल, डोळ्याच्या जागी दोन मोठ्ठ्या गुंड्या, तोंडात स्पंज कोंबलेला. एका दिवसासाठी आला होता, परत न्यायले कोणी आलंच नाही. (सरकारचं असंच हाये. देत नाही तर देत नाही, अन् दिलं तर विसरून जाते.) पोशाखात शिराले आमच्या सेविका पल्लवी मॅडम तयार नव्हत्या, त्यायचं नवंनवं लग्न झालं होतं. मंग मी शिरली. नाव ठेवलं साबणू. पोटावर खिसा शिवला, त्यात साबणाची वडी. खिचडी वाढाच्या आधी कपाटामागून साबणू येते, गाणं म्हणते अन् एकेका लेकराचा हात धुऊन देते. गाणंबी माहंच हाये:

साबणू आला, फेस आणला,
हात दाखव, घास वाढला.

एवढंच. याच्यासाठी कोणी सत्कार करावा असं काही नाही, पण चौदा वर्षांत मेडशीचं अन् बाजूच्या तांड्याचं एकबी लेकरू या गाण्याशिवाय जेवलं नाही. उंदरानं साबणूचा एक कान खाल्ला तर लेकरं रडली. मी माह्या निळ्या ब्लाऊजच्या तुकड्याचा कान लावला, तर त्यायले तोच जास्त आवडला. अन् एक नियम मी आजवर मोडला नाही: लेकरायसमोर मुंडकं काढाचं नाही. चैत्राच्या उन्हात जीव गुदमरला तरी नाही. लेकरायसाठी बेबीताई वेगळी अन् साबणू वेगळा. बेबीताई खेकसते, साबणू खेकसत नाही. (मलेबी तो माह्यापेक्षा बरा वाटते.)

आता रेणू. ही तांड्यावरच्या सोनीबाईची नात. सोनीबाईचा पोरगा सेवादास अन् सून ऊसतोडीले गेले का पाच महिने इकडं फिरकत नाहीत, पोरगी आजीपाशी. हात म्हणजे तुरीच्या काड्या. मायबाप गेले तशी तिनं तोंड जे मिटलं ते उघडे ना. सोनीबाई मागंमागं वाटी घेऊन फिरे, पल्लवी मॅडम वजनकाट्यावर उभी करत अन् काट्याकडं न पाहता माह्याकडं पाहत. मंग एक दिवस साबणूनं तिचे हात धुतले, फेसाचा फुगा करून तिच्या नाकावर ठेवला, अन् पोरगी खुदकन हसली अन् वाटी चाटूनपुसून रिकामी केली. तेव्हापासून तिचं एकच. साबणू आधी, घास मंग. माह्या चौदा वर्षांच्या नोकरीतली ही एकच वाटी मले ध्यानात हाये, बाकीच्या मी फक्त घासल्या.

अशात जानेवारीत तुहा धम्मरत्न आला. पाठीवर बॅग, तोंडावर दाढी. मी म्हटलं काहून आला, तर म्हणे कॉलेजचा प्रोजेक्ट हाये, समाजप्रबोधनाचा. म्हणे, “आत्या, साबणूचा पिक्चर काढाचा हाये. हात धुवाच्या विषयावर.” दादा, माह्या डोळ्यात पाणी आलं. चौदा वर्षांत साबणूचा साधा फोटो कोणी पेपरात दिला नाही, अन् माहा भाचा अमरावतीहून पिक्चर काढाले आला. म्हणे साबणू म्हणून तूच पाहिजे, तुह्यासारखं चालणं कोणाले येत नाही. (माह्या डाव्या पायाच्या तळव्याले कुरूप हाये. म्हणून मी तशी चालते. त्याले ती कला वाटली.)

कॅमेरा म्हणजे मोबाईल, अन् तोबी प्रसेनजितचा, जो बसस्टँडवर मोबाईल दुरुस्त करते. हिरो म्हणजे ट्रॅक्टर चालवणारा राजपाल. हिरोईन होयाले कोणाची पोरगी तयार झाली नाही, म्हणून लाऊडस्पीकरवाल्या हरीओमनंच ओढणी घेतली. झाला पिक्चर. गोष्ट मले अशी सांगितली का हात न धुता खाणारे पोरं तुरीच्या वावरात पार्टी कराले येतात, साबणू त्यायच्या मागं लागते अन् त्यायले सुधरवते. कसं सुधरवते ते सांगितलं नाही. मी विचारलं साबणूच्या हातात विळा काहून? म्हणे शेतकऱ्यायच्या भागातलं अस्वल हाये, विळा असनच ना. मले पटलं. माह्या जागी तू असता तर तुलेबी पटलं असतं, कारण एकदा मुंडक्यात शिरलं का तोंडाच्या फटीतून दिसन तेवढंच दिसते, अन् ऐकू आमच्या घरच्यायइतकंच येते.

सगळा पिक्चर रात्रीचा, अन् काढला भर दुपारी बारा वाजता. वाढदिवसाच्या गुच्छावरचा निळा चकचकीत कागद मोबाईलपुढं धरला, म्हणे आत्या, आता रात्र झाली. मी आतमधी घामानं निथळून राह्यली अन् बाहेर या पोरायची रात्र. मंग राजपाल खाली पडला. छाती, हात, सगळं लाललाल. मी विचारलं हे काय सांडलं? म्हणे बीटाचा रस अन् गुळाचा पाक. बीट अन् गूळ दोन्ही अंगात रक्त वाढवतात हे आमाले ट्रेनिंगमधी शिकवलं हाये, मले वाटलं आहाराचा भाग असन, पुढं समजावून सांगतीन. तेवढ्यात पाकाच्या वासानं मुंग्या आल्या, काळ्या नाही, लाल. मेलेला राजपाल उठून तुरीत असा नाचला का अख्खी ओळ आडवी केली. तेबी पिक्चरात ठेवलं. म्हणे जीव जाताना माणूस असाच तडफडते. सात खून, माणसं तीन. राजपाल तीन शर्टात तीनदा मेला, प्रसेनजित दोनदा, अन् हरीओम एकदा ओढणी घेऊन अन् एकदा ओढणी काढून.

अन् इथं माहं चुकलं. हे मी वहिनीसमोरबी कबूल करते, सहसा करत नाही. राजपाल पडला होता, हात कोपरापर्यंत चिकट, नखात माती. दादा, घाणेरडा हात दिसला का माहा हात आपोआप पोटाच्या खिशात जाते, त्याले मी काय करू? बाजूलेच पाण्याच्या मोटारीचा पाइप चालू होता. मी वडी काढली, खाली बसली अन् गाणं म्हणत त्याचे हात धुतले, बोटायच्या मधातून, नखाच्या आतून, जसे धुतात तसे. मले वाटलं धम्मरत्न ओरडन. तो तर हात जोडून उभा. म्हणे, “आत्या, हे कोणाले सुचलंच नसतं! आता प्रत्येकाचे धू.” मी सातहीजणायचे धुतले. खून त्यायनं माह्या नकळत करवले, पण हात मी माह्या मनानं धुतले. हे ध्यानात ठेव.

मधात एक भानगड झाली तेबी सांगते, म्हणजे तुले समजन तुह्या पोरापायी मी काय सोसलं. आपल्या मेडशीच्या जंगलात खरी अस्वलं हायेत, कधी कधी वावरात उतरतात, माणसाचं तोंड फाडतात. तांड्यावरचा भाऊसिंग त्याच्या तुरीले फेरी माराले आला अन् त्याले तुरीच्या शेंड्यावरून तपकिरी मुंडकं दिसलं. तो तांड्याकडं बोंबलत पळाला. दहा मिनिटात चाळीस माणसं काठ्या, कुऱ्हाडी घेऊन. तुहा पोरगा, प्रसेनजित, राजपाल तिघंबी झाडावर. (तिघायचे पाय मले दिसले. हरीओम ओढणीत पाय अडकून पडला, म्हणून तो इमानदार ठरला.) मी पळावं तर कुरूप. ओरडावं तर स्पंज. मुंडकं काढावं तर मागची चेन घामानं जाम. काय करू? एवढ्या वर्षांत त्या स्पंजातून जे बाहेर येते ते एकच हाये. मी हात वर केले अन् गाणं म्हटलं.

दादा, तू असता तर पाह्यलं असतं. पुढचे दहा-बारा पोरं, मिशा फुटलेले, एक तर पोलीस भरतीची तयारी करून राह्यला, सगळ्यायनं काठ्या खाली टाकल्या अन् तळहात वर करून रांगेत उभे राह्यले. एकाच्या तोंडात तंबाखूचा खर्रा होता, त्यानं तोबी थुंकला. एकटा भाऊसिंग कुऱ्हाड उगारून उभा होता, त्याच्या लहानपणी साबणू नव्हता. “हात दाखवा ना हो काका,” असं त्याले पोरायनंच सांगितलं. मी वाचली. घरी येऊन दोन तांबे पाणी प्याली अन् मनात म्हटलं, बेबी, चौदा वर्षं वाया नाही गेली.

मंग एका रविवारी दुपारी समाजमंदिरात पिक्चर लावला. खिडक्यायले पोते ठोकून अंधार केला, भिंतीवर पांढरं लुगडं. हरीओमनं सकाळपासून गावभर भोंगा फिरवला: आपल्या लाडक्या साबणूचा पिक्चर, लेकरायसकट या. त्याचा दोष नाही, तो स्वतः दोनदा मेला तरी त्याले पूर्ण गोष्ट माहीत नव्हती. सगळ्यात समोर माही अठ्ठावीस लेकरं, घरून हात धुऊन, तेल लावून. रेणू माह्या मांडीवर. मी नवं लुगडं नेसली होती.

भिंतीवर साबणू आला तशा लेकरायनं टाळ्या पिटल्या. मंग माहं गाणं वाजलं, पण धम्मरत्ननं ते काय मशीन लावून इतकं हळू केलं होतं का जसा कोणी विहिरीतून बोलून राह्यला. मंग विळा. मंग राजपालची किंकाळी. (किंकाळी खरी होती, मुंग्यायची.) मंग साबणू खाली बसला अन् मेलेल्या राजपालचे हात धुवाले लागला. मांडीवरच्या रेणूनं आपले दोन्ही हात हळूच काखेत घातले. पुढं काय झालं मी पाह्यलं नाही, मी तिलेच पाहत होती. लेकरायचा हिशोब तू हेडमास्तर असून तुले नाही समजणार, मले तेव्हाच समजला: साबणू ज्याचे हात धुते, तो मरते.

दुसऱ्या दिवशी अठ्ठावीसपैकी तीन लेकरं आली. तीबी कपाटापासून लांब, दाराच्या चौकटीत बसली. रेणूले सोनीबाई खेचत घेऊन आली. पोरीचे हात काखेत. मी म्हटलं बेबीताई धुऊन देते, नुसतं नळाखाली धर. हात काढेना. न धुता खा म्हटलं (हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलली), तर तोंड उघडेना. मी भरवाले गेली तर दात गच्च. दुसरा दिवस तसाच, तिसरा तसाच. घरी आजीनं चहात बिस्कीट बुडवून दिलं तर दोन चोखे, बस. पाचव्या दिवशी पल्लवी मॅडमनं काट्यावर उभी केली अन् या खेपेले माह्याकडंबी पाह्यलं नाही. सोनीबाई दारातून म्हणाली, “बेबीताई, तुह्या भाच्यानं माह्या नातीचा घास नेला. पोराचा फोन आला तर मी काय सांगू?” मी रेणूची भरलेली वाटी झाकून तिच्या हातात दिली.

मी धम्मरत्नले धरलं. त्याले लाज होती, पण थोडी. म्हणे आत्या, बाहेरदेशी सध्या हीच चाल हाये. लेकरायच्या गोष्टीतलं गोडगोड जनावर घ्याचं, ज्याच्यावर आता कोणाचा हक्क उरला नाही असं जुनं, अन् त्याच्या हातात हत्यार द्याचं. दोन-चार पोरं, एक रान, एक मुखवटा, पिक्चर तयार. लोक हसतात, घाबरतात, पुन्हा पाहतात. “साबणूबी तसाच ना आत्या, त्याच्यावर कोणाचाच हक्क नाही.” मी म्हटलं, हक्क नाही? त्या मुंडक्याचा वास घेऊन पाह्य. चौदा वर्षांचा घाम हाये त्यात, अन् तो कोणत्या सरकारचा नाही. अन् मंग लाटणं घेऊन त्याच्या मागं लागली. पिक्चरमधी धावली त्याच्याहून जास्त धावली, कुरूप असून.

त्यानंच मंग उपाय काढला. म्हणे राजपाल जिवंत हाये हे लेकरायले दाखवू, भीती जाईन. मले बरं वाटलं. सातव्या दिवशी राजपालले इस्त्रीचा शर्ट घालून अंगणवाडीत उभं केलं. दादा, कोणाले एवढी अक्कल आली नाही का तो शर्ट पिक्चरमधलाच होता, बीटाचा डाग निघाला नव्हता. आमच्यासाठी तो राजपाल होता, लेकरायसाठी मेलेला माणूस अंगणवाडीत आला होता. तीन लेकरं होती तीबी खिडकीतून गेली. त्या दिवशी हजेरी शून्य. पल्लवी मॅडम मोबाईलवर हजेरी भरताना रडल्या, अन् त्यातच निरोप आला का पुढच्या सोमवारी सुपरवायझर मॅडम तपासणीले येऊन राह्यल्या.

आठव्या दिवशी मी ठरवलं. तपासणीसाठी नाही, तपासण्या मी लय पाह्यल्या. रेणूसाठी. पोशाख घातला, खिचडीचा डबा घेतला अन् भर दुपारी पायी तांड्यावर निघाली. रस्त्यात कुत्रे मागं, माणसं दारात. सोनीबाईच्या अंगणात गेली तशी रेणू कणगीच्या मागं. नुसते डोळे दिसत होते. मी गाणं म्हटलं नाही. विळा नाही, वडी नाही. अंगणाच्या मधात बसली अन् चौदा वर्षांत जे केलं नाही ते केलं, मुंडक्याले हात घातला. मनात म्हटलं, साबणूबा, माफ कर, आजपासून तू संपला. तर चेन पुन्हा जाम! (आयुष्यात एक मोठं काम करावं तर चेन जाम.) मी ओढून राह्यली, गुरगुरून राह्यली, लोळून राह्यली, अन् शेवटी मान टरकन फाटली अन् मुंडकं घरंगळत चुलीपाशी गेलं. मी बाहेर. केस तोंडावर, कपाळाचं कुंकू गालावर, धापा टाकत.

रेणू कणगीमागून बाहेर आली. मुंडक्याकडं पाह्यलं. माह्याकडं पाह्यलं. आठ दिवसांत पहिल्यांदा बोलली.

“बेबीताई, तुले त्यानं गिळलं होतं?”

मी खरं सांगाले तोंड उघडलं होतं, दादा. जयभीमवाल्याची पोरगी हाये, खोटं बोलत नाही. पण पोरीचे हात काखेतून थोडे ढिले झाले होते. मी म्हटलं हो.

“मंग तू त्याची मुंडी कापून बाहेर आली?”

“हो माय. तुह्यासाठीच आली. आता हात दे, खिचडी थंडी होऊन राह्यली.”

तिनं मुंडक्याले एक लाथ मारली, नेम बरोबर निळ्या कानावर, अन् मंग दोन्ही हात माह्यासमोर धरले. मी सोनीबाईच्या तांब्यातलं पाणी घेतलं. साबण नव्हता, राखेनं धुतले. पोरगी दोन वाट्या जेवली. तिसरी मागितली तर सोनीबाई रडून राह्यली होती, म्हणून मीच वाढली.

तुले वाटलं असन गोष्ट संपली. तुले असंच वाटते. त्याच संध्याकाळी रेणूनं तांडाभर सांगितलं का बेबीताईले अस्वलानं गिळलं होतं अन् ती आतून कापून बाहेर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता अंगणवाडीत एकतीस लेकरं. त्यातली तीन बाजूच्या अंगणवाडीतली, नाव सांगत नव्हती, फुकटात पाहाले आलेली. अन् सगळ्यायची एकच मागणी: पुन्हा. तेव्हापासून रोज, खिचडीच्या आधी, मले अस्वलानं गिळा लागते अन् मी मुंडी तोडून बाहेर या लागते. तेव्हाच हात पुढं होतात. लेकरं टाळ्या वाजवून “काप! काप!” ओरडतात, सगळ्यात मोठा आवाज रेणूचा. जी पोरं भीतीनं पळाली होती त्यायलेच आता रोज खून पाहिजे. म्हणजे तुह्या पोराचं म्हणणं खरं ठरलं, हे त्याले सांगशीन तर माह्याशी बोलू नको.

अन् सोमवारी सुपरवायझर मॅडम नेमक्या त्याच वेळी दारात. त्यायनं काय पाह्यलं? मदतनीस जमिनीवर लोळून राह्यली, अस्वलाची मान फाडून राह्यली, अन् एकतीस लेकरं “काप! काप!” करून राह्यली. त्या खुर्चीवर बसल्या, पाणी प्याल्या, वही मागितली अन् शेरा लिहिला. पल्लवी मॅडमनं मले वाचून दाखवला: उपस्थिती समाधानकारक. अस्वलाबाबत लेखी खुलासा सादर करावा.

बाकी सगळं क्षेमकुशल. वहिनीले गुडघा सांभाळाले सांग, तुह्या पोराले समजावून सांग, अन् कुत्र्याले बांधून ठेव, मी उन्हाळ्यात येणार हाये.

तुही लहान बहीण,
बेबी

ता. क. आता खरा मुद्दा. तो खुलासा तू लिहून पाठव. हेडमास्तरच्या मराठीत, दोन पानं, ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ असं काहीतरी घालून. अस्वलानं मले गिळलं असं लिहू नको. गिळलं नाही असंबी लिहू नको, पल्लवी मॅडम लेकरायसमोर मोठ्यानं वाचतात. पुढच्या शुक्रवारपर्यंत पाहिजे.

ता. क. २. धम्मरत्नची परीक्षा चालू हाये असं तुले तो सांगते, ते खोटं हाये. परीक्षा पुढच्या महिन्यात हाये. पिक्चर झाला तेव्हापासून तो इथंच हाये, रोज फाटलेली मान शिवून देते अन् वाट्या घासते. वर मी ‘समजावून सांग’ लिहिलं ते खोडाचं राह्यलं. रागावू नको त्याच्यावर. एक मीटर तपकिरी मखमल तेवढी पाठव.

ता. क. ३. दुसरा भाग काढाचा ठरला हाये. मी अटी घातल्या: विळा नाही, खिचडीची पळी. अन् पहिल्या पिक्चरच्या शेवटी ‘अस्वल: आत्या’ एवढंच लिहिलं होतं, कोणाची आत्या ते लोकायले कसं कळन? आता नवऱ्याच्या नावासकट पूर्ण नाव, मोठ्या अक्षरात. या खेपेले अस्वल एका हेडमास्तरले खाते. राजपाल म्हणते मी आता मरत नाही, मुंग्या चावतात. म्हणून तुहं नाव मी देऊन टाकलं. तुले फक्त आडवं पडून राहाचं हाये, बीपीलेबी आराम. हात मी धुऊन देईन.

ता. क. ४. रेणू बाजूलेच दुसऱ्यांदा जेवत बसली हाये, सोनीबाई अजून न्याले आली नाही. विचारते का कागद ज्याच्याकडं चालला त्यानं हात धुतले का. मी म्हटलं तो हेडमास्तर हाये, त्याचा भरवसा नाही. म्हणून तिनं धुतलेल्या हाताचा नमुना म्हणून आपला हात खाली उमटवला. जेवतानाच उमटवला. तो डाग पिवळा हाये, लाल नाही. घाबरू नको, खिचडी हाये.